तीन शाखांचा एक संगणक

पोर्ट ट्रेगेनात क्लेम पेंगेलीला ओळखत नाही असा माणूस नव्हता, आणि त्याने संगणकाचा विषय काढल्यावर थांबेल असाही नव्हता.

सदुसष्ट वर्षांच्या क्लेमने त्यातली एकतीस गावाबाहेरच्या धान्यकोठारांच्या वजनकाट्यावर काढली होती. नोव्हेंबर लागला की बार्लीचे ट्रक रांग लावायचे. क्लेम प्रत्येक ट्रकमध्ये लांब नळी खुपसून नमुना काढायचा, चाळायचा, तळहातावर पसरायचा आणि निकाल द्यायचा: हा बिअरवाल्यांचा, हा जनावरांचा. एकाच ट्रकमध्ये दोन प्रतींचा माल सापडला तर ट्रक परत. मग तो सख्ख्या मेहुण्याचा का असेना. एकदा मेहुण्याचा होताच. त्या नाताळात मेहुणा जेवायला फिरकला नाही, आणि क्लेमच्या मते इतका निवांत नाताळ त्या घरात आधी झाला नव्हता.

निवृत्त झाल्यावर या गावातली माणसं बोट घेऊन मासे पकडायला जातात. क्लेमला बोट लागते. म्हणून त्याने लिनक्स धरलं.

गावाचा स्वतःचा एक छोटा रेडिओ आहे. जुन्या बँकेच्या इमारतीत, जिथे तिजोरी होती त्या खोलीत. सगळा कारभार स्वयंसेवकांचा. एक संगणक दिवसभर गाणी, खाटकाची जाहिरात, भरती-ओहोटीच्या वेळा आणि उन्हाळ्यात वणव्याचे इशारे एकामागून एक लावत असतो. त्या संगणकावर क्लेमने नऊ वर्षांपूर्वी डेबियन नावाचं लिनक्स, म्हणजे संगणक चालवणारी एक मोफत प्रणाली, बसवलं, आणि तेव्हापासून तिजोरीच्या खोलीची किल्ली त्याच्या पट्ट्याला लटकू लागली. घरात तो बाथरूमला गेला तरी तिचा आवाज यायचा.

आता डेबियनवाल्यांची एक शिस्त आहे, आणि ती कळायला संगणक यावा लागत नाही. त्यांच्याकडे सॉफ्टवेअरच्या तीन शाखा असतात. पक्की शाखा, जिच्यातली प्रत्येक गोष्ट दोनेक वर्षं पारखून घेतलेली असते आणि म्हणून थोडी जुनी असते. चाचणीची शाखा, जिथे पुढची पक्की आवृत्ती आकार घेत असते. आणि कच्ची शाखा, जिथे काल कुणीतरी लिहिलेलं आज येऊन पडतं. ज्याला जी हवी ती त्याने घ्यावी, पण घ्यायची ती एक. कारण इथलं प्रत्येक सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या खांद्यावर उभं असतं. चाचणीतला एक नवा प्रोग्राम आणला की तो आपल्यासोबत नवा पाया आणतो, त्या पायावर जुने प्रोग्राम उभे राहायला तयार होत नाहीत, आणि मग त्यांची समजूत घालायला आणखी काहीतरी आणावं लागतं. मिसळायचंच असेल तर कुठल्या शाखेचं किती ऐकायचं याचे आकडे एका फाईलमध्ये नीट लिहून ठेवावे लागतात. तरी मिसळू नका, असं डेबियनवाले पहिल्याच पानावर सांगतात.

क्लेमला हे माहीत होतं. नुसतं माहीत नव्हतं, त्याने वाचनालयात या विषयावर व्याख्यान दिलं होतं. ‘पक्की शाखाच का’ असं नाव होतं आणि पाच माणसं आली होती. त्यातली दोघं चहासाठी थांबली.

आणि हाच माणूस, ज्याने एकतीस वर्षं भेसळीचे ट्रक परत पाठवले, रेडिओच्या संगणकात दोन वर्षं गुपचूप भेसळ करत होता.

सुरुवात एका घड्याळापासून झाली. गाणी लावणाऱ्या प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीत पडद्यावर गोल घड्याळ दिसायचं, आणि ती आवृत्ती चाचणीच्या शाखेत होती. सॉफ्टवेअर कुठून आणायचं ते ज्या यादीत लिहिलेलं असतं, तिच्यात क्लेमने त्या शाखेची एक ओळ घातली, फक्त पाच मिनिटांसाठी, घड्याळ आलं की काढून टाकायची म्हणून. घड्याळ आलं. ओळ राहिली. त्यानंतर आवाजात चरचर सुरू झाली. तिच्यावरचा उपाय कच्च्या शाखेत होता, म्हणून तीही ओळ आली. आकड्यांची फाईल लिहायची होतीच, पण ती सवडीने. पुढे टास्मानियातल्या कुणीतरी इंटरनेटवर सांगितलं म्हणून वेगळ्याच लिनक्ससाठी बनवलेलं सॉफ्टवेअरचं एक पॅकेज त्याने आणून बसवलं. चांगलं चाललंय, तो ग्लेनिसला म्हणायचा. ग्लेनिस, त्याची बायको, चव्वेचाळीस वर्षं हे वाक्य ऐकत आली होती आणि ते ऐकल्यावर मेणबत्त्या कुठे आहेत ते बघून घ्यायची.

फेब्रुवारीत, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यात, ऐन वणव्याच्या हंगामात, इशारा वाचला जात असताना रेडिओ अकरा मिनिटं बंद पडला. कारण अर्थातच क्लेमची एक सुधारणा. रेडिओच्या समितीने ठराव केला, आणि रॉझलिन हॉकिंग बाईंनी तो स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहून क्लेमच्या हातात दिला. क्लेमच्या सुधारणेमुळे रेडिओ पुन्हा एकदा जरी बंद पडला, तरी संगणक अॅडलेडच्या एका कंपनीकडे जाईल आणि क्लेम किल्ली परत करेल.

रॉझलिन बाई रेडिओच्या व्यवस्थापक. त्याआधी प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका. निम्म्या गावाला त्यांनी पाढे शिकवलेले, त्यामुळे साठी उलटलेली माणसंसुद्धा त्यांच्यासमोर हात खिशातून बाहेर काढतात. क्लेमने ठराव वाचला, मान डोलावली, आणि सात महिने संगणकाला बोट लावलं नाही. ही त्याच्या आयुष्यातली सगळ्यात लांब सुट्टी होती आणि ती त्याने रोज घरी बोलून दाखवली.

मग सप्टेंबर आला, आणि इथल्या गुणांवर चालणाऱ्या फुटबॉलचा अंतिम सामना आला.

पोर्ट ट्रेगेनाचा संघ सोळा वर्षांनी अंतिम फेरीत पोचला होता. सामन्याचं वर्णन रेडिओवर करायचं ते वॉल रंडलने. तो मैदानावरून टेलिफोन करायचा, स्टुडिओतला फोन आवाजाच्या मिक्सरला जोडलेला असायचा, आणि वॉल बादलीत डोकं घालून बोलतोय असा आवाज गावभर जायचा. तीस वर्षं गावाची याबद्दल काही तक्रार नव्हती. गावाला वाटायचं, वॉलचा आवाजच तसा आहे.

क्लेमला मात्र माहीत होतं की त्याच प्रोग्रामच्या आणखी नव्या आवृत्तीत मैदानावरचा आवाज इंटरनेटवरून काचेसारखा स्वच्छ घेता येतो. समितीने त्याला तसं सांगितलेलं नव्हतं. वॉलनेही नव्हतं. त्याला एवढंच वाटत होतं की शनिवारी सगळ्या गावाने स्वच्छ आवाज ऐकावा, आणि सोमवारच्या बैठकीत कुणीतरी सहज विचारावं की हे कुणी केलं.

गुरुवारी दुपारी एक वाजता तो तिजोरीच्या खोलीत बसला. एक ते दोन थेल्मा वॉर्मिंग्टनचा बागकामाचा कार्यक्रम होता. तो आधीच ध्वनिमुद्रित केलेला असल्यामुळे तासभर कुणी येणार नव्हतं. क्लेमने नवी आवृत्ती मागवली. यंत्राने सांगितलं की जमणार नाही, पॅकेजेस एकमेकांत अडकली आहेत. क्लेमने वेगळ्या शब्दांत मागवली. यंत्राने वेगळ्या शब्दांत नाही म्हटलं. मग त्याने अशी आज्ञा दिली जी अडकलेल्या सगळ्या गोष्टी ओढून सरळ करते, आणि यंत्राने शांतपणे एक यादी दाखवली. तुला हवं ते बसवायचं तर ही दोनशे चौदा पॅकेजेस काढावी लागतील. त्यातली दोन अशी आहेत की ती गेल्यावर मी संगणक म्हणून फार काळ टिकणार नाही.

इतर वेळी यंत्र नुसतं हो की नाही विचारतं. इथे मात्र ते तुमच्याकडून एक अख्खं वाक्य टाईप करून घेतं, अक्षरन् अक्षर, शेवटच्या उद्गारचिन्हासकट. वाक्याचा अर्थ असा: होय, मी सांगतो तसंच कर. हे वाक्य ज्यांनी घातलं त्यांची कल्पना अशी होती की एवढं टाईप करता करता माणसाच्या डोक्यात उजेड पडेल. क्लेम पेंगेली त्यांच्या परिचयाचा नव्हता.

क्लेमने ते टाईप केलं. घाईत एक अक्षर चुकलं. यंत्राने काम रद्द केलं. म्हणजे देवाने, डेबियनवाल्यांनी आणि कीबोर्डने मिळून त्याला आणखी एक संधी दिली. क्लेमने चष्मा पुसला, आणि तेच वाक्य पुन्हा, सावकाश, बिनचूक टाईप केलं.

थेल्मा तेव्हा सांगत होती, “आणि लिंबाच्या झाडाच्या बुंध्याशी चुकूनही टाकू नका ते म्हणजे,” आणि रेडिओ बंद पडला. काय टाकायचं नाही ते गावाला त्या दिवशी कळलं नाही.

पहिला फोन ग्लेनिसचा. काय झालं असं तिने विचारलंच नाही.

“काय केलंस?” ती म्हणाली.

“बघतोय.”

“क्लेम, ‘बघतोयस का’ असं मी विचारलं नाही.”

मग तिने खोलीत खायला काही आहे का ते विचारलं, कारण आता हा लवकर येणार नाही हे तिला कळलं होतं, आणि फोन ठेवला.

रॉझलिन बाई रस्त्याच्या पलीकडेच राहतात. चौथ्या मिनिटाला त्या दारात होत्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. तिथे गोल घड्याळ नव्हतं, गाणी नव्हती, काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत फक्त एक ओळ होती, आणि तीही दुःखी होती. बाईंनी विचारलं की माईक चालतो का. माईक मिक्सरला जोडलेला असल्यामुळे चालत होता. बाई खुर्ची ओढून बसल्या, हाताला लागलेलं ग्रामपरिषदेचं पत्रक उघडलं आणि वाचायला लागल्या. कचऱ्याच्या डब्यांचे वार, मोकाट कुत्र्यांविषयीची सूचना, जेट्टीच्या डागडुजीची निविदा. ते संपलं तेव्हा त्यांनी निविदा पुन्हा वाचली, या वेळी जरा भावपूर्ण.

त्यांच्या पाठीमागे क्लेम पेन ड्राइव्ह शोधत होता. नशिबाने एका पेन ड्राइव्हवर निव्वळ पक्की शाखा होती, वाचनालयातल्या व्याख्यानासाठी केलेली. त्याने डिस्क पुसली. दोन वर्षांची कारागिरी चाळीस सेकंदांत गेली. मग त्याने सगळं पहिल्यापासून बसवलं, गाण्यांची प्रत दुसऱ्या डिस्कवरून आणली, आणि पन्नासाव्या मिनिटाला खाटकाची जाहिरात वाजली. दोघांनीही ती शेवटपर्यंत ऐकली. त्या पन्नास मिनिटांत स्टुडिओला सव्वीस फोन आले होते. त्यातल्या एकोणीस जणांना बाईंचा नवा कार्यक्रम आवडला होता.

बाईंनी माईक बंद केला आणि खुर्ची फिरवली.

“सकाळपासून वारा आहे,” त्या म्हणाल्या. “खांबांवर मीठ साचलंय. वीज लुकलुकली असेल.”

क्लेमने त्यांच्याकडे पाहिलं. या किनाऱ्यावर समुद्राचं मीठ तारांवर बसतं आणि वीज जाते, त्यामुळे इथे कुठल्याही बिघाडाचं खापर मिठावर फोडता येतं. समितीने ते डोळे मिटून मानलं असतं.

“बाई, वीज गेली नव्हती.”

“मी गेली म्हणाले नाही. असेल म्हणाले.” त्या उठल्या. “अॅडलेडवाले आले ना, तर पहिल्या आठवड्यात थेल्माला घरी बसवतील आणि तिच्या जागी तिकडची गाणी लावतील. मला ते नकोय. अहवालात कारणाचा एक रकाना असतो, तो सोमवारी भरायचाय. तोवर विचार कर.”

शनिवारी सामना झाला. वॉल रंडलने टेलिफोन केला आणि बादलीतून वर्णन केलं. पोर्ट ट्रेगेना तीन गुणांनी हरलं. आवाज स्पष्ट नव्हता ही त्या दिवशी गावाला मिळालेली एकमेव सवलत होती.

सोमवारची बैठक संध्याकाळी पाचला, बँकेच्या पुढच्या खोलीत. सात जण, दोन डबे बिस्किटं, आणि ग्लेनिसने घरून आणलेल्या पेस्टी. खिमा, बटाटा आणि सलगम भरलेल्या त्या पेस्टी गरम असेपर्यंत समिती कुठलाही विषय घेत नाही. अध्यक्ष नेव्हिल रॉडा, शेतकरी, आवाज ट्रॅक्टर चालू असताना बोलायची सवय असलेल्या माणसाचा. क्लेमने दुपारी निघताना ग्लेनिसला सगळं सांगितलं होतं, बाईंनी सुचवलेलं मीठसुद्धा. तिने सल्ला दिला नाही. फक्त म्हणाली की किल्लीमुळे त्याच्या सगळ्या विजारी एका बाजूने उतरल्या आहेत.

अहवाल फिरत फिरत क्लेमपुढे आला. गुरुवार, पन्नास मिनिटं, कारण, आणि पुढे रिकामी जागा. बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

क्लेमने पेन उघडलं. तो खरा शहाणा असता तर त्याने ‘मीठ’ लिहिलं असतं, दोनच अक्षरं. पण वजनकाट्यावर एकतीस वर्षं त्याने असलेच रकाने भरले होते, रोज शेकड्याने, आणि तळहातावर दिसलं त्यापेक्षा वेगळं कधी लिहिलं नव्हतं. हात वळेना. त्याने पेन ठेवलं.

“कारण मी आहे,” तो म्हणाला. “दोन वर्षं तीन शाखा एकात कालवत होतो. गुरुवारी संगणकाने मला विचारलं, खरंच मोडू का. मी हो लिहून दिलं. पहिल्यांदा लिहिताना चुकलो, तर पुन्हा लिहिलं.”

कुणीतरी बिस्किटाचा डबा बंद केला. क्लेमने पट्ट्याची किल्ली सोडवायला घेतली. नऊ वर्षांत कडी गंजून बसली होती, त्यामुळे तो प्रसंग व्हायला हवा होता तितका भारदस्त झाला नाही. शेवटी ग्लेनिसने पेस्टीची सुरी पुढे केली.

नेव्हिल खुर्चीत मागे रेलला.

“म्हणजे भेसळ,” तो म्हणाला. “तू.”

“मी.”

“अठ्ठ्याण्णव साली माझा ट्रक परत पाठवलास, आठवतंय? तळाला गेल्या वर्षीची बार्ली होती. दोन पोती असेल नसेल. मागे सतरा ट्रक उभे, सगळे बघतायत, आणि तू हातात दाणे घेऊन असा उभा, जसं काही मी कुणाचा खून केलाय.”

“आठवतंय.”

“सव्वीस वर्षं वाट बघतोय मी या दिवसाची. आणि तू असा आयता येऊन उभा राहिलास. मजाच घालवलीस, मित्रा.”

वॉल रंडल हसला, मग बाईंनी पाहिलं म्हणून खोकला. नेव्हिलने किल्ली उचलून हातात तोलली. मग म्हणाला की त्या दिवशी क्लेमने त्याला शेती सोड असं काही सांगितलं नव्हतं. ट्रक झाडून ये म्हणाला होता. तो झाडून आला होता, आणि क्लेमने माल घेतला होता. आता याने तर डिस्क आधीच झाडली आहे. शिवाय, आणि हे त्याने हळू आवाजात, म्हणजे रस्त्यापलीकडे ऐकू जाईल इतकंच म्हटलं, रोज सकाळी सहाला येऊन हे दार उघडायला इथे दुसरं कोण तयार आहे?

सगळ्यांनी आपापल्या पेस्टीकडे पाहिलं.

ठराव मात्र ठराव होता, आणि बाईंना नियम मोडलेला चालत नाही, वाकवलेला चालतो. तासाभराच्या चर्चेनंतर असं ठरलं की क्लेमने किल्ली ठेवावी. दार उघडावं, धूळ झाडावी, वॉलचा फोन जोडावा. पण संगणकात काहीही बसवायचं किंवा काढायचं झालं तर जो मुख्य पासवर्ड लागतो, तो बदलून अशा माणसाकडे द्यावा ज्याला क्लेमची भीड पडत नाही. नाव कुणी सुचवलं नाही. नुसत्या सहा माना ग्लेनिसकडे वळल्या. ती सुरी पुसत होती.

“मला त्यातलं काही कळत नाही,” ती म्हणाली.

“म्हणूनच,” बाई म्हणाल्या.

पक्की शाखा स्वतःची काळजी स्वतः घेते. सुरक्षेच्या दुरुस्त्या तिच्या तिच्या येतात, बसतात, कुणाला कळतही नाही. क्लेम सहाला दार उघडायचा, संगणकासमोर बसायचा, आणि संगणकाला त्याची काही गरज नसायची. पुढच्या दहा महिन्यांत त्याने पाच वेळा पासवर्ड मागितला. स्वयंपाकघराच्या टेबलाशी ग्लेनिस विचारायची, काय बिघडलंय. काही नाही, असं त्याला खरं सांगावं लागायचं. मग राहू दे, ती म्हणायची आणि शब्दकोड्यात पुन्हा डोकं घालायची. पाचातून एकदा दिला, संगणकातला पंखा जळला तेव्हा. पंखा बदलायला पासवर्ड लागत नाही हे तिला नंतर कळलं. ते दोन दिवस घरात फारसं बोलणं झालं नाही.

मग ऑगस्टमध्ये डेबियनची नवी पक्की आवृत्ती आली. या वेळी मागणी खरी होती. जुन्या आवृत्तीला कधी ना कधी दुरुस्त्या मिळायच्या थांबणार होत्या. क्लेमने ग्लेनिसला पाऊण तास समजावलं, टेबलावर मीठदाणी, मिरीदाणी आणि सॉसची बाटली मांडून. तिने सगळं ऐकून घेतलं.

“हे सगळं एकाच शाखेतलं?”

“एकाच.”

“आणि नाही जमलं, तर मागे कसा येणार?”

दहा वर्षांत क्लेमला हे कुणी विचारलं नव्हतं. त्याने स्वतःलाही नव्हतं. बघतो, तो म्हणाला. बघ आणि मग ये, ती म्हणाली.

तो अकरा दिवसांनी आला. हातात दोन पानं होती. आधी पूर्ण डिस्कची प्रत, ती दुसऱ्या यंत्रावर चालते का याची तपासणी, मग बदल, आणि बिघडलंच तर किती मिनिटांत जुन्यावर परत. ग्लेनिसने चष्मा लावून दोन्ही पानं वाचली, एका ठिकाणी खूण करून हे काय ते विचारलं, आणि पासवर्ड एका कागदावर लिहून दिला.

काम रविवारी सकाळी झालं, लोक चर्चला असताना. रेडिओ चार मिनिटं बंद राहणार अशी घोषणा बाईंनी आठवडाभर आधीपासून दिवसातून तीनदा केली होती. प्रत्यक्षात तीनच मिनिटं लागली. क्लेम त्यानंतर तासभर स्टुडिओतल्या फोनशेजारी बसून राहिला, पण एकही फोन आला नाही. कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. त्याला ते जरा लागलंच.